खांद्यावरची प्रतिज्ञा

माणसानं प्रतिज्ञा खुशाल करावी, पण पेपरवाल्यांसमोर करू नये. घरात केलेली मोडली तर फार तर बायको हसते. पेपरात छापून आलेली मोडली तर सगळी काउंटी हसते. लॅडी क्रेनेकच्या घरात हसायला बायको उरली नव्हती, म्हणून तो पेपरात गेला.

टेक्ससमध्ये तेव्हा कायदा असा होता बघा. वीतभर पिस्तूल कमरेला उघडं लावून बाजारातनं फिरलात तर गुन्हा. झाकून न्या, त्यासाठी परवाना काढा. पण चार फुटी रायफल खांद्याला अडकवून त्याच बाजारातनं उघडी मिरवलीत, तर कुणी अडवायचं नाही. फक्त समोरच्याला घाबरवायच्या हिशेबानं ती नाचवायची नाही, एवढंच. धाकट्याला बंदी आणि थोरल्याला मोकळीक! कायदा करणाऱ्यांनी अक्कल कुठं गहाण टाकली होती देव जाणे. म्हणून एका शनिवारी कोर्टासमोरच्या हिरवळीवर वीसपंचवीस माणसं खांद्याला रायफली लावून जमली, की बघा, हे चालतं तर ते का नाही? पेपरवाल्या बाईनं नेमकं लॅडीलाच विचारलं, "तुम्ही कशासाठी आलात?"

लॅडी म्हणाला, "माझे आजोबा याच रस्त्यावरनं कमरेला पिस्तूल लावून जायचे. मला तसं जाता येत नाही, तोवर घराबाहेर ही रायफल माझ्या खांद्यावरनं उतरायची नाही."

फोटोसकट छापून आलं. बाकीच्यांनी घरी जाऊन रायफली कपाटात ठेवल्या आणि जेवायला बसले. लॅडी मात्र अडकला.

दीड वर्ष झालं त्याला. रायफल पाठीवर घेऊन पिकअपमध्ये बसता येत नाही. दार उघडायचं, ती आधी आत घालायची, मग आपण शिरायचं, पट्टा पुन्हा खांद्यात अडकवायचा, उतरताना उलटं. न्हाव्याच्या खुर्चीत ती टोचते. हॉटेलात बाकावर टेकावं तर दस्ता मागच्या बाईच्या डोक्याला लागतो. मालकानं "बाहेर व्हा" म्हटलं की निमूट बाहेर व्हायचं, कारण जागा त्याची, हेही कायद्यातच आहे. शाळेच्या आवारात नाही. बँकेत चालतं, पण तिथली पोरगी रडकुंडीला आली, म्हणून तो बाहेरच्या खिडकीवरनं व्यवहार करायचा. दाताच्या डॉक्टरनं तर दारातच हात जोडले. तेव्हापासून लॅडी उजव्या बाजूनं चावत होता, कारण डावी दाढ किडली होती आणि प्रतिज्ञा शाबूत होती. कायद्याचं कलम छापून, वर प्लॅस्टिक चढवून, पाकिटात मुलीच्या फोटोपुढं ठेवलेलं.

आता खरं कारण सांगतो. आजोबाबिजोबा नुसतं निमित्त. खरं कारण डॅरेल ऑर्साक.

हा डॅरेल शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी, म्हणजे काउंटीचा पोलीसच. आठ वर्षांपूर्वी बायको, ग्लेंडा, लॅडीला सोडून गेली, आणि पुढं तिनं या डॅरेलशी लग्न केलं. डॅरेल कायद्याचा माणूस, त्याला सगळं माफ. ड्युटीवर असो नसो, नक्षीदार चामड्यात खोवलेलं पिस्तूल कमरेला, उघडं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर दोघं उभी राहायची तेव्हा ग्लेंडाच्या कमरेला त्याचा हात आणि त्याच्या कमरेला ते पिस्तूल. लॅडीच्या जिवाची नुसती आग व्हायची. बायको नेली ती नेली, वर हे! नव्या नवऱ्यात तिनं काय पाहिलं, याचा लॅडीनं आठ वर्षं विचार केला आणि शेवटी बोट त्या पिस्तुलावर येऊन थांबलं. डॅरेल शांत होता, वेळेवर घरी यायचा, दारू बेतानं प्यायचा, हे लॅडीला कधी दिसलं नाही. जळणाऱ्याला धूर दिसतो, दुसरं काही दिसत नाही.

बायकोचं एक वेळ सोडा. पण केल्सी? केल्सी लॅडीची एकुलती पोर. आईबाप वेगळे झाले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आठवडाभर ती आईकडं, म्हणजे डॅरेलच्या घरात, शनिवार-रविवार लॅडीकडं. तिला गाडी शिकवली डॅरेलनं. तिचं पहिलं हरीण डॅरेलच्या रानात पडलं. कॉलेजात सामान चढवायला डॅरेल. लॅडीच्या वाट्याला शनिवारचा सिनेमा आणि रविवारचं "नीट जा गं". दर वेळी ती परत जायला निघाली की लॅडी विचारायचा, "तो काय म्हणतो?" ती म्हणायची, "कोण तो?" आणि तिथनं भांडण.

तर त्या केल्सीचं लग्न झालं. नवरा टॅनर फौजेत; त्याची बदली कधीही होईल म्हणून दोघांनी सान अँटोनियोत कचेरीत जाऊन सह्या केल्या. गावाला जेवण आणि नाच देणं तेवढं राहिलं होतं. चेक लोकांची वस्ती आमची; सही झाली म्हणून लग्न झालं असं इथं कुणी धरत नाही. ऑगस्टातला शनिवार ठरला, ब्रोड गावचा जुना नाचाचा हॉल ठरला. दुपारी जेवण, चार वाजता नाच. आणि नाचात रीत अशी की पहिली वॉल्ट्झ नवरीनं बापाबरोबर नाचायची. ती झाल्याशिवाय बाकी कुणी पाऊल टाकायचं नाही.

पण हॉलच्या दारावर लाल पाटी. तिच्यावर मोठ्ठा आकडा, ५१. म्हणजे या जागेची निम्म्याहून जास्त कमाई दारूची. तिथं पिस्तूल नाही, रायफल नाही, परवाना असो नसो. आत पाऊल टाकलं की तुरुंग. हे कलम लॅडीला जपमाळेपेक्षा पाठ होतं.

दुपारी दोन वाजता तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे बूट, आणि पाठीवर ती रायफल. हॉलसमोर पीकानचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत उभा राहिला. येणारेजाणारे "काय लॅडी!" म्हणत आत जात होते. बायका रायफलीकडं बघून पोरांना पलीकडच्या हाताला घेत होत्या.

त्याची थोरली बहीण एव्हलिन स्वयंपाकघर सांभाळत होती. ती ताट घेऊन बाहेर आली. भाजलेलं गोमांस, सॉसेज, बटाट्याचं सॅलड, कडेला खसखशीचा कोलाचे, म्हणजे आमचा चेक गोड पाव.

"घे, गिळ," ती म्हणाली. "मुलीच्या लग्नात बाप झाडाखाली भिकाऱ्यासारखा उभा. आई असती तर लाटणं फेकून मारलं असतं."

"मला आत येता येत नाही. कायदा आहे."

"मला नको शिकवू कायदा. तुझी पिकअप ती काय तिथं उभी आहे. ठेव तिच्यात, कुलूप लाव, आत ये. त्याला कायद्याची ना आहे का?"

"ना नाही. पण शब्द दिलाय मी."

"कुणाला? त्या पेपरवाल्या बाईला? ती नोकरी सोडून डॅलसला गेली!"

लॅडी उभ्यानंच उजव्या बाजूनं चावत राहिला. एव्हलिन त्याच्याकडं बघत होती. धाकट्या भावाला ती आतून बाहेरून ओळखत होती.

"डॅरेलच्या समोर उतरवायची नाही, असंच ना?" ती हळूच म्हणाली. "नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. तुझं ते आहे."

"तो आत कमरेला लावून मिरवणार आणि मी रिकामा जाऊ? सगळ्यांसमोर? ग्लेंडासमोर?"

"तुझ्या पोरीसमोर," एव्हलिन म्हणाली आणि रिकामं ताट ओढून घेऊन गेली.

साडेतीनला केल्सी स्वतः बाहेर आली. पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरलेला, खाली लाल बूट. लॅडी तिच्याकडं बघतच राहिला. एवढी सुंदर पोर आपली, आणि आठ वर्षं राहिली त्याच्या छपराखाली! जीव भरून आला की त्याच्या पाठोपाठ हे यायचंच.

"डॅडी, चार वाजता वॉल्ट्झ आहे," ती म्हणाली. "मला तुझ्याबरोबर नाचायचंय. रायफलीबरोबर नाही."

"मी समजावून सांगतो तुला, कलम असं आहे की…"

"मला कलम पाठ आहे, डॅडी. सगळ्या गावाला पाठ आहे. चारला बँड सुरू होईल. तू आत असलास तर तू. नसलास तर डॅरेल नाचेल. नवरीनं एकटं उभं राहायचं नसतं."

"त्यानं सांगितलं वाटतं असं?"

केल्सीनं डोळे मिटले आणि उघडले. "नाही. मी सांगतेय. आणि मला तुला काहीतरी सांगायचंही आहे. नाचताना सांगेन." एवढं बोलून ती झगा सावरत आत गेली.

लॅडीच्या कानात फक्त एकच वाक्य राहिलं: नसलास तर डॅरेल नाचेल. वॉल्ट्झसुद्धा! बायको, घर, गाडी, हरीण, सगळं झालं, आता वॉल्ट्झसुद्धा त्यालाच! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पिकअप वीस पावलांवर होती. तो दहा पावलं गेला, आणि तेवढ्यात हॉलचं दार उघडून डॅरेल बाहेर आला, म्हणून लॅडी तिथंच थबकला. त्याच्या देखत ठेवायची? छट्.

डॅरेल सरळ त्याच्याकडंच चालत आला. हातात हॅट, कपाळावर घाम. लॅडीची नजर सवयीनं त्याच्या कमरेवर गेली. कमरेला काही नव्हतं. नक्षीदार चामडंही नव्हतं. नुसता पट्टा.

"कुठंय तुझं?" लॅडीच्या तोंडून निघून गेलं.

"गाडीत. केल्सी म्हणाली, आज कुणाकडंही नको. मी म्हटलं, बरं."

बरं! एका शब्दात! ज्याला कायद्यानं मुभा, ज्याला कुणी हटकू शकत नाही, त्यानं पोरीच्या एका शब्दावर उतरवून ठेवलं, आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. लॅडीला वाटलं, आपल्या पायाखालची पायरीच कुणी काढून घेतली. ज्याच्याकडं बघून दीड वर्ष जळायचं, ते पिस्तूलच तिथं नव्हतं, आणि डॅरेल होता तसाच होता. शांत. ऐसपैस. मेला त्याशिवायही देखणा दिसत होता.

"लॅडी, ऐक," डॅरेल म्हणाला. "तुझा शब्द मोडू नको. तू गाडीत ठेवणार नाहीस हे मला माहीत आहे. ती माझ्याकडं दे. मी इथं झाडाखाली खांद्याला लावून उभा राहतो. तू आत जा, वॉल्ट्झ नाच, ये, तुझी तू घे. गाडीत पडली नाही, खाली टेकली नाही. खांद्यावरनं उतरली ती खांद्यावरच गेली. कुणी विचारलं तर मी बघून घेईन."

"तुझ्या हातात? माझ्या आजोबांची रायफल?"

"माझ्या हातात."

"आतापर्यंत काय कमी आलंय तुझ्या हातात?"

डॅरेलनं हॅट डोक्यावर चढवली. रायफलीसाठी हात पुढं केला. त्याचा हा स्वभावच लॅडीला खायचा. मारावं तर समोरचा उशीसारखा.

हॉलच्या खिडक्यांची लाकडी झापं काठ्यांवर उचललेली होती. आत अकॉर्डियनवाल्यानं दोन सूर काढून बघितले. मग बोलणी थांबली. लॅडीला खिडकीतनं दिसलं, माणसं भिंतीकडं सरकली, मधली लाकडी जमीन मोकळी झाली, आणि त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत केल्सी एकटी येऊन उभी राहिली. ती दाराकडं बघत होती.

लॅडीनं रायफल पाठीवरनं ओढून काढली. "रिकामी आहे. तरी बघून घे," तो डॅरेलच्या अंगावर खेकसला. "नळी खाली नको. पट्टा ओढू नको, शिलाई जुनी आहे. आणि तिच्याशी चाळा करायचा नाही, समजलं?"

"जा रे बाबा, जा," डॅरेल म्हणाला.

लॅडी पळालाच. दीड वर्षात पहिल्यांदा पाठ रिकामी, त्यामुळे चालताना त्याचा तोल एका बाजूला जात होता. तो आत शिरला तसे लोक ओरडले, कुणीतरी टेबल बडवलं. केल्सीचं तोंड एवढं उजळलं की एव्हलिन स्वयंपाकघराच्या दारात पदर नसताना डोळे पुसू लागली, हातातल्या फडक्यानं.

वॉल्ट्झ सुरू झाली. लॅडी एके काळी काउंटीतला पहिल्या नंबरचा नाचणारा होता; ग्लेंडा भाळली ती त्याच्या पायांवरच. पाय काही विसरले नव्हते. एक दोन तीन, एक दोन तीन, पोर हातात फुलासारखी फिरत होती. कोपऱ्यात ग्लेंडा उभी होती, बघत होती. बघ म्हणावं! लॅडीची छाती फुगली. मी आत, आणि तो बाहेर. झाडाखाली. माझी बंदूक राखत. माझा गडी म्हणून उभा आहे तो!

हे त्याला बघायचंच होतं. दिसल्याशिवाय मजा पुरी होईना. त्यानं वळण घेता घेता केल्सीला खिडकीकडं नेलं. पहिल्या खिडकीतनं नुसती पिकअप दिसली. दुसरीत झाडाचा बुंधा. तो आणखी एक गिरकी घेऊन तिसऱ्या खिडकीशी गेला. हां! डॅरेल उभा. रायफल खांद्याला. घाम पुसतोय. पण हे काय, हा तर ऐटीत उभा आहे! पट्टा त्याच्या खांद्यावर कसा बसलाय, जणू त्याच्याच मापाचा शिवलाय. कुणी दोघं त्याच्याशी बोलायला थांबली, हसली. माझ्याशी दीड वर्षात कोण हसलं होतं? तीच रायफल, माझ्या खांद्यावर असली की बायका पोरं ओढून घेतात, आणि याच्या खांद्यावर असली की लोक गप्पा मारतात!

"…म्हणून पहिल्यांदा तुला," केल्सी त्याच्या कानाशी म्हणत होती.

"हो हो," लॅडी म्हणाला. "छान."

केल्सीनं मान मागं घेतली. त्याच्याकडं बघितलं. "छान?"

"छानच की."

"एवढंच, डॅडी?"

"अगं, छान म्हटलं ना. अजून काय म्हणू?" आणि त्यानं पुन्हा तिसरी खिडकी गाठायला गिरकी घेतली.

केल्सी ती गिरकी पुरी फिरली. मग हसली, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "बरं. अजून कुणाला बोलू नको. आईलाही नाही."

अकॉर्डियन थांबलं. टाळ्या झाल्या. टॅनर पुढं आला, केल्सीचा हात त्याच्या हातात गेला, आणि जोड्याजोड्यांनी लोक मिरवणुकीच्या नाचासाठी त्यांच्यामागं रांग धरू लागले. काय म्हणाली ही? लॅडीला जरा चुटपुट लागली. असेल काही केकचं, नाहीतर टॅनरच्या आईचं. विचारू मागनं. आधी रायफल. ती त्याच्या खांद्यावर आणखी एक मिनिट बघवत नव्हती.

तो बाहेर आला. डॅरेलनं पट्टा खांद्यावरनं उतरवून त्याच्या हातात दिला. लॅडीनं नळी बघितली, शिलाई बघितली, दस्ता बाहीनं पुसला, मग पाठीवर चढवली. डॅरेल मात्र जाईना. हॅट काढली, परत घातली.

"सांगितलं का तिनं?" तो म्हणाला.

"काय?"

"ते जे काय आहे ते." डॅरेलचा आवाज लॅडीनं असा कधी ऐकला नव्हता. "दोन महिने झाले, ती काहीतरी मनात ठेवून आहे. ग्लेंडानं विचार विचार विचारलं. मी विचारलं. काही केल्या सांगेना. म्हणाली, पहिलं डॅडीला, पहिल्या वॉल्ट्झमध्ये. तोपर्यंत कुणालाही नाही. म्हणून मी रायफल घेतली रे. म्हटलं, तू आत गेला नाहीस तर पोरीच्या मनातलं मनातच राहील."

लॅडीच्या पाठीवरचं लोखंड एकदम गार लागलं. कानाशी आलेला तिचा श्वास आठवला. "म्हणून पहिल्यांदा तुला." त्याच्या आधीचं काही आठवेना. किती वाक्यं होती? एक? चार? खिडक्या आठवत होत्या, तिन्ही.

"सांगितलं ना?" डॅरेलनं पुन्हा विचारलं. "सगळं बरं आहे ना? एवढं तरी सांग. तिला गाडी मी शिकवली, तापात रात्ररात्र मी बसलो, मी काही म्हणत नाही, बाप तूच. पहिला मान तुझाच. पण…" त्यानं मान वळवली, पण लॅडीला दिसायचं ते दिसलं होतं. ते तोंड लॅडीनं ओळखलं. रोज सकाळी दाढी करताना आरशात तेच असायचं.

डॅरेल ऑर्साक जळत होता. त्याच्यावर! लॅडी क्रेनेकवर!

एवढंच म्हणायचं होतं, की गड्या, मी ऐकलंच नाही. ही धर पुन्हा, मी आत जाऊन विचारून येतो. पाच शब्दांचं काम. आत पोर होती, फार तर रागावली असती, पुन्हा सांगितलं असतं. पण मग डॅरेलच्या तोंडावरचं ते गेलं असतं. आठ वर्षांत पहिल्यांदा मिळालं होतं, आणि अजून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"सांगितलं," लॅडी म्हणाला. "पण कुणाला बोलू नको म्हणालीय. तुम्हालाही कळेल. वेळ आली की."

डॅरेलनं मान हलवली. "बरोबर आहे," असं काहीतरी म्हणाला आणि खाली बघत हॉलकडं निघून गेला. त्याच्यामागं दार लागलं. आत मिरवणूक सुरू झाली होती. पुढं केल्सी आणि टॅनर, मागं सगळं गाव, हातात हात. पहिल्या खिडकीतनं ती दिसली, मग दुसरीतनं. तिसऱ्या खिडकीशी आली तेव्हा तिनं बाहेर बघितलं नाही.

ती काय बोलली होती ते मला विचाराल तर मीही सांगू शकणार नाही. ते एकाच माणसाला सांगितलेलं होतं, आणि तो माणूस रायफल पाठीवर घेऊन झाडाखाली उभा होता.